हौशी मुष्टियोद्धा : अँथनी व्हिलानुएवा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतांविषयी बोलावे, इतिहासाविषयी बोलावे, फार तर अर्थकारणाविषयी बोलावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. आजचा आमचा विषय मात्र एका मुष्टियोद्ध्याचा आहे, आणि तोही आपल्या देशातला नव्हे, तर पॅसिफिक महासागरातील फिलिपाईन्स नावाच्या बेटांच्या देशातला. विषयपत्रिका वाचून कित्येकांच्या मनात शंका आली असेल की, दोन माणसांनी एकमेकांस ठोसे लगावण्यात तासभर ऐकण्यासारखे असे आहे तरी काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर एवढेच की, आम्ही ठोशांचे शास्त्र सांगावयास उभे राहिलेलो नाही. ज्याने पैशाकरिता नव्हे, तर देशाच्या नावाकरिता लढावे अशी अपेक्षा असते, त्याच्या पोटाची काळजी कोणी वाहावयाची, हा आमचा प्रश्न आहे. अँथनी व्हिलानुएवा या तरुणाच्या आयुष्यात तो इतक्या उघडपणे उभा राहतो की, दुसरे उदाहरण शोधण्याची गरज पडत नाही.

प्रथम त्याच्या देशाची थोडी ओळख करून घेऊ. फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथे तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. १८९८ साली स्पेनचा पराभव झाला आणि धनी बदलला. स्पॅनिश गेले व अमेरिकन आले. १९४६ सालच्या ४ जुलैला तो देश स्वतंत्र झाला, म्हणजे आपल्या आधी सुमारे एक वर्ष. स्पेनने त्या लोकांस धर्म दिला, नावे दिली. अमेरिकनांनी शाळा दिल्या, इंग्रजी भाषा दिली, आणि आपल्या सैनिकांच्या छावण्यांबरोबर मुष्टियुद्धही दिले. इंग्रजांच्या पलटणींबरोबर क्रिकेट आपल्याकडे आले, तसाच हा प्रकार. १९२१ साली तेथे मुष्टियुद्धास कायद्याने मान्यता मिळाली, आणि मनिला शहर पाहता पाहता या खेळाचे माहेरघर बनले.

क्रिकेटला मैदान हवे, साहित्य हवे, सवड हवी. मुष्टियुद्धाला दोन हात, एक जोडी हातमोजे आणि मार सोसण्याची तयारी एवढे पुरते. शिवाय या खेळात वजनाचे गट असतात. लहान चणीच्या माणसास लहान चणीचाच जोडीदार मिळतो. आपल्या तांबड्या मातीत जोड लावताना वस्ताद नजरेने अंदाज घेत. येथे तराजू ठेवलेला असतो. फिलिपिनो माणूस अंगाने लहान, चपळ आणि काटक. धिप्पाड अमेरिकन सैनिकाच्या खांद्याला खांदा लावता आला नाही, तरी आपल्या वजनाच्या गटात तो जगातील कोणालाही भारी पडू शकत होता. परक्याचे राज्य असलेल्या देशात ही गोष्ट लहान नव्हे.

त्याचा पुरावाही लवकरच मिळाला. नेग्रोस बेटावरील फ्रान्सिस्को गिलेदो या तरुणाने 'पांचो व्हिला' हे नाव घेऊन १९२३ सालच्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे जिमी वाइल्ड या गाजलेल्या ब्रिटिश मुष्टियोद्ध्यास सातव्या फेरीत लोळविले व फ्लायवेट गटाचे जगज्जेतेपद मिळविले. जगज्जेता झालेला हा पहिला आशियाई मुष्टियोद्धा. दोनच वर्षांनी, १९२५ च्या जुलैमध्ये, दाढ काढल्यानंतर पसरलेल्या विषबाधेने तो वारला. परंतु त्या दोन वर्षांत त्याने आपल्या देशातील प्रत्येक गल्लीतील पोराला एक स्वप्न देऊन ठेवले होते.

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे, कारण आमचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. पांचो व्हिला हा धंदेवाईक मुष्टियोद्धा होता. तिकिटे लावून लढती होत, त्यांतून त्यास पैसा मिळे. त्याउलट ऑलिंपिक सामन्यांत उतरणारे ते हौशी. त्यांच्या लढती तीनच फेऱ्यांच्या, आणि त्यांस पैशाचा स्पर्श होता कामा नये असा नियम. 'हौशी' हा आपल्या भाषेतला गोड शब्द आहे. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. परंतु ज्या कल्पनेसाठी आपण तो योजला, तिचा जन्म गोड नव्हता. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात, पोटासाठी काम न करता खेळू शकणाऱ्या खानदानी गृहस्थांनी आपला खेळ मजूर-कारागिरांपासून निराळा राखण्यासाठी ही भिंत घातली. हेन्ली येथील नौकाशर्यतींच्या १८७९ सालच्या नियमांत तर कारागीर व मजूर यांस हौशी म्हणून स्पष्ट मज्जाव होता. हातांनी काम करणाऱ्यास हौस असू शकते, हेच त्या मंडळींस मान्य नव्हते! ऑलिंपिक चळवळ सुरू झाली तेव्हा ही भिंत तिने वारसाहक्काने घेतली. भिंतीचे मूळ कारण लोक विसरले. तिला 'खेळाचे पावित्र्य' असे नाव मिळाले.

या पावित्र्याच्या पायी १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधला श्रेष्ठ खेळाडू, अमेरिकेचा जिम थॉर्प, आपली दोन सुवर्णपदके गमावून बसला. पूर्वी त्याने बेसबॉल खेळून चार पैसे घेतले होते, एवढाच त्याचा अपराध. ती पदके त्याच्या मुलांच्या हाती परत देण्यात आली १९८३ साली. थॉर्पला जाऊन तोवर तीस वर्षे झाली होती.

आता व्हिलानुएवा घराण्याकडे येऊ. या घराण्याची कथा दोन पिढ्यांची आहे. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामने भरले. फिलिपाईन्स त्या वेळी अमेरिकेच्या अमलाखाली असला तरी ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून स्वतःच्या नावाने भाग घेत होता. त्या वर्षी त्या छोट्या पथकाने तीन ब्राँझपदके मिळविली. तेओफिलो इल्देफोन्सो यांना पोहण्यात, सिमेऑन तोरिबिओ यांना उंच उडीत, आणि बँटमवेट गटाच्या मुष्टियुद्धात होसे व्हिलानुएवा यांना. होसे उपांत्य फेरीत कॅनडाच्या होरेस ग्विनकडून हरले. हाच ग्विन पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. मग तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत त्यांनी अमेरिकेच्या जोसेफ लँगला हरवून ब्राँझ घेतले. राज्यकर्त्या देशाच्या मुष्टियोद्ध्याला त्याच्याच भूमीवर हरवून घेतलेले ते पदक होते. मुष्टियुद्धातील फिलिपाईन्सचे ते पहिले ऑलिंपिक पदक.

१९३६ साली बर्लिनमध्ये मिग्वेल व्हाईट यांनी अडथळ्यांच्या शर्यतीत आणखी एक ब्राँझ मिळविले, आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षे त्या देशाच्या वाट्याला एकही पदक आले नाही. मध्ये दुसरे महायुद्ध येऊन गेले. जपानने ती बेटे व्यापली. दोन वेळा ऑलिंपिक ब्राँझ जिंकणारे इल्देफोन्सो १९४२ साली कापास येथील बंदिछावणीत मरण पावले. व्हाईटही त्या युद्धातून परतले नाहीत. १९४५ साली मनिला शहर लढाईत अक्षरशः जमीनदोस्त झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, १८ तारखेला, अँथनीचा जन्म झाला. राखेत जन्मलेल्या पिढीचा हा मुलगा.

तो वाढला तो काळ फिलिपिनो मुष्टियुद्धाच्या दुसऱ्या भराचा होता. १९६० सालच्या मार्चमध्ये गॅब्रिएल एलोर्दे याने मनिलाजवळच्या केसोन शहरात अमेरिकेच्या हॅरल्ड गोम्सला हरवून ज्युनियर लाइटवेट गटाचे जगज्जेतेपद मिळविले, आणि १९६७ पर्यंत ते राखले. गावोगावची पोरे एलोर्दे होऊ पाहत होती. पण एलोर्दे धंदेवाईक होता. ऑलिंपिकच्या आखाड्यात मात्र वडिलांच्या ब्राँझनंतर बत्तीस वर्षांत कोणाही फिलिपिनो मुष्टियोद्ध्यास पदकाच्या पायरीवर चढता आले नव्हते.

१९६४ सालच्या ऑक्टोबरात टोकियोमध्ये ऑलिंपिक सामने भरले. आशिया खंडात भरलेले ते पहिले ऑलिंपिक. मुष्टियुद्धाच्या लढती कोराकुएन आइस पॅलेस या इमारतीत झाल्या. वजनाचे गट होते दहा. अँथनी ५७ किलोच्या फेदरवेट गटात उतरला. वय वर्षे एकोणीस.

ती स्पर्धा निकालांवरून झालेल्या वादांनी गाजली. फ्लायवेट गटात दक्षिण कोरियाचा चो डोंग-की यास डोके फार खाली घालून लढतो म्हणून बाद ठरविण्यात आले. तो रिंगणातच खुर्ची टाकून बसला आणि ५१ मिनिटे जागचा हलला नाही. अँथनीच्याच फेदरवेट गटात स्पेनचा व्हॅलेंतिन लोरेन याला पंचांनी बाद केले. त्याने पंचांच्याच तोंडावर ठोसा हाणला आणि जन्माची बंदी ओढवून घेतली. एवढ्या तापलेल्या वातावरणात हा एकोणीस वर्षांचा मुलगा एकेक लढत जिंकीत गेला. उपांत्य फेरीत त्याच्यासमोर अमेरिकेचा चार्ल्स ब्राऊन होता. त्यालाही त्याने हरविले. बत्तीस वर्षांपूर्वी वडील जेथे अडले होते, ती पायरी मुलाने ओलांडली.

अंतिम लढतीच्या दिवसाशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. तो दिवस २३ ऑक्टोबरचा. त्याच दिवशी, त्याच टोकियो शहरात भारताने पाकिस्तानला एका गोलाने हरवून हॉकीचे सुवर्णपदक परत मिळविले, आणि आपल्याकडे घरोघर आनंद झाला. त्याच दिवशी फिलिपाईन्समध्येही लोक आपल्या देशाच्या पहिल्या सुवर्णपदकाची वाट पाहत होते.

प्रतिस्पर्धी होता सोव्हिएत संघाचा स्तानिस्लाव स्तेपाश्किन. हा १९६३ सालचा युरोपीय विजेता. अनुभवाने, तयारीने आणि वयानेही मोठा. सोव्हिएत संघाने त्या स्पर्धेत मुष्टियुद्धाची तीन सुवर्णपदके नेली, यावरून त्या तालमीची कल्पना यावी. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. डोक्याला संरक्षक टोप नाही; ते पुढे आले. रिंगणाच्या भोवती पाच परीक्षक बसलेले. त्या वेळची पद्धत अशी की, प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक फेरीत वरचढ ठरणाऱ्यास वीस गुण द्यावयाचे व दुसऱ्यास त्याहून कमी. शेवटी बेरीज करून आपल्या मते विजयी कोण ते सांगावयाचे. पाचांपैकी ज्याच्या बाजूस अधिक, तो जिंकला.

नऊ मिनिटे लढत झाली. कोणी कोणास लोळविले नाही. निर्णय परीक्षकांच्या कागदांवर गेला. तीन कागदांवर स्तेपाश्किनचे नाव होते, दोन कागदांवर व्हिलानुएवाचे.

श्रोतेहो, हा आकडा जरा मनात घोळवून पाहा. तीन विरुद्ध दोन. एका माणसाचे मत फिरले असते, तर फिलिपाईन्सला पहिले सुवर्णपदक १९६४ साली मिळाले असते. ते प्रत्यक्षात मिळाले २०२१ साली, वजन उचलण्याच्या स्पर्धेत हिदिलिन दियाझ या स्त्रीने मिळवून दिले. एका परीक्षकाच्या पेन्सिलीच्या रेघेवर एका राष्ट्राची सत्तावन्न वर्षांची प्रतीक्षा लटकली होती! फिलिपाईन्समध्ये अनेकांची आजही अशी ठाम समजूत आहे की, ती लढत आपल्या मुलाने जिंकली होती. या वादाचा निवाडा आम्ही येथे करणार नाही. मुष्टियुद्धात ठोसा एकाला लागतो आणि तो मोजतो दुसराच, हा या खेळाचा मूळचाच दोष आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सवर झालेला अन्याय इतका उघड होता की, त्यानंतर बटणे दाबून गुण मोजणारे यंत्र आणले गेले. मग यंत्रावरही तक्रारी आल्या आणि तेही गेले. खुर्ची टाकून बसणारा कोरियन आणि ठोसा हाणणारा स्पॅनिश हे ज्या स्पर्धेत झाले, तीत या मुलाने रौप्यपदक गळ्यात घातले आणि तो घरी परतला. फिलिपाईन्सच्या इतिहासातले ते पहिले रौप्यपदक होते.

येथवरची कथा कोणत्याही शाळेच्या क्रमिक पुस्तकात शोभेल. पुढची कथा पुस्तकवाले गाळतात. आणि ती सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

अँथनी मायदेशी परतला तेव्हा त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. तो देखणा होता, तरुण होता, एका पदकविजेत्याचा मुलगा होता. चित्रपटवाल्यांनी त्याला पडद्यावर आणले. मग तो धंदेवाईक मुष्टियुद्धात उतरला, आणि त्याबरोबर हौशी खेळाचे दार त्यास कायमचे बंद झाले. १९६८ चे मेक्सिको ऑलिंपिक आले तेव्हा त्याचे वय तेवीस असणार होते. मुष्टियोद्ध्याचे ऐन उमेदीचे वय! परंतु ज्याने लढतीचे पैसे घेतले, तो ऑलिंपिकला बाटलेला होता. धंदेवाईक रिंगणातही त्याला यश आले नाही. तीन फेऱ्यांत वेगाने गुण मिळविणे ही एक विद्या, आणि दहा-दहा फेऱ्या टिकून प्रतिस्पर्ध्याला खच्ची करणे ही दुसरी. पहिलीत निपुण असलेला दुसरीत चालेलच असे नाही. ती कारकीर्द थोडक्यात आटोपली. पुढे तो अमेरिकेस गेला आणि तेथे त्याने पहारेकऱ्याची नोकरी केली. ज्याने सबंध राष्ट्राला एका रात्री जागे ठेवले, तो परक्या देशात दुसऱ्याच्या दाराशी रात्री जागू लागला. पुढे तो स्वदेशी परतला. पक्षाघाताने शरीर खचले. २०१४ सालच्या १३ मे रोजी लागुना प्रांतातील काबुयाव येथे, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले.

यावर कोणी म्हणेल की, दोष त्याचाच. चार वर्षे धीर धरला असता, हौशी राहिला असता, तर मेक्सिकोत सुवर्ण मिळाले असते. हा आक्षेप वरवर सरळ दिसतो, म्हणून त्याची फोड करू.

धीर धरावयाचा म्हणजे काय करावयाचे? सकाळी धावावयाचे, सायंकाळी सराव करावयाचा, नीट खावयाचे, ठोसे खावयाचे, आणि या सर्वांचा खर्च स्वतः किंवा घरच्यांनी सोसावयाचा. स्तेपाश्किनही हौशीच म्हणवत होता. परंतु सोव्हिएत पद्धतीत खेळाडूचे नाव सैन्याच्या, कारखान्याच्या वा विद्यापीठाच्या पटावर असे, पगार तिकडून येई आणि दिवसभर सराव चाले. अमेरिकन खेळाडूंस महाविद्यालयांच्या शिष्यवृत्त्या असत. म्हणजे नियम सर्वांस एकच होता, परंतु तो बोचत होता फक्त त्यांस, ज्यांच्या पाठीशी ना सरकार होते ना विद्यापीठ. त्या काळी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी एव्हरी ब्रंडेज हे होते. १९५२ पासून १९७२ पर्यंत, वीस वर्षे, त्यांनी या हौशी तत्त्वाचा कडकडीत सोवळेपणाने सांभाळ केला. ब्रंडेज हे शिकागोतील इमारती बांधणारे कोट्यधीश. ज्याच्या घरी चूल पेटण्याची विवंचना नाही, त्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे सोपे जाते.

परंतु सगळा दोष नियमाच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. नियम परक्यांनी केला होता. पदकाचा जयजयकार मात्र आपल्याच लोकांनी केला होता. टोकियोहून परतलेल्या त्या मुलाला, 'बाबा रे, तू चार वर्षे निश्चिंत राहा, तुझ्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय आमच्याकडे लागली' असे सांगणारी भक्कम व्यवस्था त्या देशापाशी नव्हती. हार घालणारे पुष्कळ असतात, आणि हार दुसऱ्या दिवशी सुकतात. चित्रपटवाले आणि तिकिटे विकणारे निदान रोख देत होते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने ती रोख घेतली, यात नवल कसले?

हा एकट्याचा अनुभव नव्हता. पुढे १९८८ साली सोलमध्ये लिओपोल्दो सेरांतेस याने लाइट फ्लायवेट गटात ब्राँझ मिळविले. १९९२ साली बार्सिलोनात त्याच गटात रोएल वेलास्को याने ब्राँझ घेतले, आणि १९९६ साली अटलांटात रोएलचा धाकटा भाऊ मान्सुएतो, ज्याला सारा देश ओन्योक म्हणून ओळखतो, याने रौप्य. हे दोघे भाऊ पांचो व्हिलाच्याच नेग्रोस बेटावरचे. ओन्योकने उपांत्य फेरीत स्पेनच्या राफाएल लोझानोला हरविले. अंतिम लढतीत बल्गेरियाच्या डॅनियल पेत्रोवने त्याला १९ विरुद्ध ६ गुणांनी मागे टाकले. अँथनीनंतर बत्तीस वर्षांनी आलेले हे दुसरे रौप्य. ओन्योक धंदेवाईक मुष्टियुद्धाकडे वळलाच नाही. दूरदर्शनवर विनोदी भूमिका करून त्याने पोट भरले. पदकानंतर मिळालेल्या आश्वासनांतील काही आपल्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, असे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. २०२१ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सरकारने त्याला सन्मानचिन्ह आणि पाच लाख पेसो दिले. उशिरा का होईना, ऋण मान्य झाले.

म्हणूनच आम्ही कायद्याला महत्त्व देतो. वैयक्तिक औदार्य वाऱ्यासारखे असते. कायदा हा विहिरीसारखा. फिलिपाईन्सने २००१ साली खेळाडूंच्या लाभांचा कायदा केला, आणि २०१५ साली दुसरा कायदा करून रकमा वाढविल्या. ऑलिंपिक सुवर्णास एक कोटी पेसो, रौप्यास पन्नास लाख, ब्राँझास वीस लाख. अँथनी व्हिलानुएवा २०१४ साली गेला. त्या मोठ्या रकमांचा कायदा त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी आला.

दरम्यान हौशीपणाची भिंतही ढासळत गेली. १९७० नंतरच्या दशकात 'हौशी' हा शब्द ऑलिंपिक सनदेतून निघाला. पुढे एकेका खेळात धंदेवाईक खेळाडूंस प्रवेश मिळाला. मुष्टियुद्धाने सर्वांत शेवटी, २०१६ साली, दार उघडले. मग काय झाले ते पाहण्यासाठी पुन्हा टोकियोलाच जाऊ.

२०२० सालचे ऑलिंपिक साथीमुळे लांबून २०२१ साली त्याच टोकियो शहरात भरले. तेथे फिलिपाईन्सच्या तीन मुष्टियोद्ध्यांनी पदके मिळविली. कार्लो पालाम याला रौप्य. हा मुलगा बालपणी कागायान दे ओरो शहराच्या उकिरड्यावर भंगार वेचीत असे. युमिर मार्सियाल याला ब्राँझ. हा युमिर काही महिन्यांपूर्वीच, २०२० च्या डिसेंबरात, धंदेवाईक म्हणून पहिली लढत खेळून, तिचे पैसे घेऊन आला होता. ज्या गोष्टीने अँथनीला ऑलिंपिकमधून कायमचे बाहेर काढले, ती करून युमिर पदकाच्या पायरीवर उभा राहिला, आणि खेळाचे पावित्र्य कोठेही भंगले नाही! तिसरे पदक नेस्ती पेतेसिओ या तरुणीचे. दावाओ देल सुर प्रांतातील ही मुलगी २०१९ साली जगज्जेती झाली होती. तिनेही रौप्यपदक मिळविले. अंतिम लढतीत ती जपानच्या सेना इरिएकडून हरली. तिचा गट कोणता? फेदरवेट, ५७ किलो. तेच शहर, तेच वजन, तेच रौप्य. मध्ये वर्षे गेली ती सत्तावन्न. तीन वर्षांनी पॅरिसला तिने ब्राँझही घेतले. एक पदक मिळविल्यावर दुसऱ्यासाठी पुन्हा त्याच रिंगणात उतरणे जे अँथनीला जमले नाही, ते तिला जमले. तिच्यात त्याच्याहून अधिक धैर्य होते म्हणून हे घडले, असे आम्हांस वाटत नाही. तिच्या काळी सुवर्णाची आशा धरून थांबणाऱ्यास उपाशी राहावे लागत नव्हते, हे खरे कारण.

पॅरिसपर्यंतचा हिशेब मांडला तर फिलिपाईन्सची सारी ऑलिंपिक पदके अठरा; त्यांतील दहा मुष्टियुद्धाची. चार रौप्य, सहा ब्राँझ. मुष्टियुद्धातील सुवर्णपदक त्या देशाला २०२४ पर्यंत लाभले नव्हते. सर्वांत जवळ कोण पोहोचला होता, तर १९६४ चा तो एकोणीस वर्षांचा मुलगा, एका मताच्या अंतरावर.

बंधुभगिनींनो, दुसऱ्या देशाची कथा ऐकताना आपले घर आठवणे साहजिक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली लोकवर्गणीच्या आधाराने हेलसिंकीला गेले, आणि कुस्तीत ब्राँझपदक घेऊन आले. त्यांचाही गट ५७ किलोचाच होता. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो त्यानंतर अनेक वर्षांनी. तेव्हा फिलिपिनो लोकांस नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.

आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. या गावातही तालमी आहेत, व्यायामशाळा आहेत, पहाटे रस्त्यावरून धावणारी मुले आहेत. त्यांपैकी एखादा उद्या जिल्ह्याचे नाव काढील, तेव्हा आपण त्याची मिरवणूक काढू. ती अवश्य काढावी. परंतु मिरवणुकीच्या खर्चातून थोडे वाचवून त्याच्या दुधाची, फीची आणि दुखापत झाल्यास औषधाची सोय कशी लागेल, याचा विचार मिरवणुकीआधी व्हावा. जिंकल्यावर त्याच्याकडे सगळेच येतील. हरल्यावर, वय झाल्यावर, अंथरुणाला खिळल्यावर त्याच्याकडे कोण जाणार, हे आधी ठरलेले असावे. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु हौस करणाऱ्याला पोट असते, म्हातारपण असते. अँथनी व्हिलानुएवाने टोकियोत नऊ मिनिटांत आपले देणे फेडले होते. त्याचे येणे मात्र राहून गेले.